महिंद्रच्या शर्यती इंजिनाची सात वर्षे

मोटारसायकलींच्या जागतिक ग्रां प्री मालिकेत उतरलेली पहिली भारतीय उत्पादक कंपनी म्हणून मुंबईच्या महिंद्र समूहाची नोंद आहे. २०११ ते २०१७ या काळात समूहाने या शर्यतींसाठी स्वतःच्या नावाची यंत्रे उतरवली. मात्र जिंकू शकणारे इंजिन हाती आल्यानंतर वर्षभरातच हा कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला.

पार्श्वभूमी

जीप आणि ट्रॅक्टरसाठी ओळखल्या जाणाऱ्या महिंद्रने २००८ मध्ये कायनेटिक मोटर कंपनीचा व्यवसाय घेऊन दुचाकींच्या क्षेत्रात प्रवेश केला. हिरो होंडा आणि बजाज यांच्यासमोर नव्या नावाला ओळख मिळवून देणे, हा शर्यतीत उतरण्यामागील एक हेतू होता. २०११ मध्ये महिंद्रची यंत्रे १२५ सीसी गटात धावली. त्या हंगामाच्या अखेरच्या, व्हॅलेन्सियातील शर्यतीत ब्रिटनच्या डॅनी वेबने महिंद्रला पोल पोझिशन मिळवून दिली.

पुढच्याच वर्षी नियम बदलले. टू-स्ट्रोक इंजिनांचा १२५ सीसी गट बंद होऊन २५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक इंजिनांचा मोटो-३ गट सुरू झाला. आधीच्या इंजिनाचा अनुभव त्यामुळे फारसा उपयोगी पडला नाही आणि २०१२ चा हंगाम निराशाजनक ठरला. २०१३ साठी स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीच्या साहाय्याने नवे यंत्र तयार करण्यात आले. त्याच वर्षी मलेशियात पोर्तुगालच्या मिगेल ऑलिव्हेराने तिसरा क्रमांक पटकावला. पुढे इटलीतील बेसोझो येथे कंपनीचे शर्यत केंद्र उभे राहिले.

यश आणि माघार

जून २०१६ मध्ये नेदरलँड्समधील असेन येथे इटलीच्या फ्रान्सेस्को बान्यायाने महिंद्रला पहिला विजय मिळवून दिला. ऑक्टोबरमध्ये मलेशियात त्याने पुन्हा बाजी मारली. दरम्यान ऑगस्टमध्ये बर्नो येथे जॉन मॅकफी प्यूजोच्या नावाने धावणाऱ्या यंत्रावर जिंकला होता. तेही मूळचे महिंद्रचेच होते. होंडा आणि केटीएम यांच्याशी बरोबरी करणारे हे वर्ष होते.

मात्र त्यानंतर बान्याया वरच्या गटात गेला, तर त्याचा सहकारी होर्हे मार्टिन होंडाच्या यंत्राकडे वळला. २०१७ मध्ये महिंद्रला एकही विजय मिळाला नाही. त्याच वर्षाच्या मध्यात कंपनीने हंगामअखेर मोटो-३ मधून बाहेर पडण्याचे जाहीर केले. विजेवरील मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेवर लक्ष केंद्रित करण्याचे कारण देण्यात आले. देशांतर्गत बाजारपेठेत महिंद्रच्या दुचाकींना पाय रोवता आले नव्हते, ही त्यामागील वस्तुस्थिती होती. शर्यतीतील यश विक्रीत उतरले नाही. बान्याया पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये, तर मार्टिन २०२४ मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

इतरांचा अनुभव

असे चढउतार बड्या कंपन्यांनाही चुकलेले नाहीत. होंडाने २००८ अखेर फॉर्म्युला वन सोडली आणि २०१५ मध्ये इंजिन पुरवठादार म्हणून पुनरागमन केले. २०२० मध्ये पुन्हा माघार जाहीर करून २०२६ साठी अॅस्टन मार्टिनशी करार केला. रेनॉने २०२५ नंतर फॉर्म्युला वनची इंजिने न बनवण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला.

विजेची वाट

फॉर्म्युला ई मध्ये महिंद्र २०१४ च्या पहिल्या हंगामापासून आहे. २०१७ मध्ये बर्लिन येथे स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. येथेही कसोटी टळली नाही. २०२२-२३ च्या हंगामात अकरा संघांत महिंद्र दहावा राहिला, तर महिंद्रचीच शक्तियंत्रणा वापरणारा जर्मनीचा आब्ट संघ अकरावा. त्याच हंगामात केप टाऊनच्या शर्यतीतून निलंबन यंत्रणेतील, म्हणजे सस्पेन्शनमधील, दोषाच्या शंकेमुळे दोन्ही संघांना मोटारी मागे घ्याव्या लागल्या.

या वेळी मात्र कंपनीने माघार घेतली नाही. मालिकेच्या चौथ्या पिढीच्या मोटारींसाठी २०३० पर्यंत सहभागी राहण्याचे महिंद्रने २०२४ मध्ये जाहीर केले आणि २०२४-२५ च्या हंगामात संघ चौथ्या स्थानी आला. दुचाकींच्या बाबतीत शर्यतीतील यंत्राला देशातील बाजारपेठेचा आधार मिळाला नव्हता. महिंद्र आता विजेवरील मोटारी स्वतः बनवून विकत असल्याने तो आधार या वेळी मिळण्याची शक्यता अधिक आहे.