मिरी नसलेली मिरबिस्किटं

विचिटाला ऑनसाइट होतो तेव्हाची, एका डिसेंबरातली गोष्ट. शेजारच्या क्यूबिकलमधल्या, रिटायरमेंटला आलेल्या सहकाऱ्याने माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत चण्याएवढ्या, तपकिरी, कडक गोळ्या. "पेपरनट्स. आईची रेसिपी. ख्रिसमसला करतो आम्ही." मूठभर तोंडात टाकल्या आणि काय सांगू मंडळी, कॅन्ससच्या त्या भयाण थंडीत घरचा मसाल्याचा डबा उघडल्यासारखं झालं. दालचिनी, लवंग, जायफळ, बडीशेपेसारखं काहीतरी. मिरी मात्र नाहीच! पूर्वी युरोपात असल्या नावांतलं 'पेपर' म्हणजे एकूणच मसाला, हे नंतर कळलं.

तर हे महाशय मेनोनाइट. मेनो सायमन्स हा आजच्या नेदरलंड्समधला एक कॅथलिक पाद्री. १५३६ साली त्याने चर्च सोडलं आणि बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा, शस्त्र हातात धरू नये असं मानणाऱ्यांत तो गेला. एवढ्यावरून त्या काळी माणसांना जाळत, बुडवून मारत. मग पळापळ. बरेच जण व्हिस्टुलाच्या मुखाशी, डान्झिगजवळच्या (आजचं ग्दान्स्क) दलदलीत गेले. पाणी हटवून शेती करायची तर डच माणूस हवाच! तिथे दोनेकशे वर्षांत भाषाही बदलली. डच जाऊन प्लाउटडीच ही बोली आली. पुढे प्रशियात जमीन मिळेना, म्हणून रशियाच्या कॅथरीनच्या आमंत्रणावरून १७८९ मध्ये आजच्या युक्रेनात वसाहत. १८७४ ला रशियाने लष्करभरती सक्तीची केली, तेव्हा सुमारे १८,००० माणसं त्या दशकात अमेरिका-कॅनडाला निघून आली. बंदूक नको म्हणून देशच बदलायचा. आपण कंपनी बदलताना किती विचार करतो!

पण माझ्या डोक्यात किडा वळवळत होता तो वेगळाच. बिस्किटातला मसाला युरोपात आला कसा? आधी पोर्तुगीजांच्या आणि मग डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांच्या जोरावर. (याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात होती. पडक्या भिंती अजून आहेत.) म्हणजे शस्त्र न धरणाऱ्यांच्या सणाला तोफांचा मसाला?

शोधताना एक भन्नाट प्रकरण सापडलं. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज लुटलं. रेशीम, चिनी मातीची भांडी, प्रचंड घबाड. तेव्हा कंपनीच्या भागधारकांत काही मेनोनाइट व्यापारी होते, जे नेदरलंड्समध्येच राहिलेले. ते म्हणाले, लुटीचा पैसा आम्हाला नको. पीटर लिंटगेन्स नावाचा एक बडा भागधारक तर बाहेरच पडला. कंपनीची बाजू मांडायला ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला बसवलं आणि त्या वकिलीपत्रातलंच एक प्रकरण १६०९ ला 'मारे लिबेरुम' म्हणून छापलं गेलं. समुद्र सर्वांना खुला, हे आंतरराष्ट्रीय कायद्यातलं सुप्रसिद्ध तत्त्व. ते निघालं एका लुटीच्या समर्थनातून!

मी उत्साहाने हे सहकाऱ्याला ऐकवलं. त्याला माहीत होतं. हसून म्हणाला, "शेअर सोडले रे त्यांनी. मसाला खायचं कुणी सोडलं नाही." मग थोडा वेळ गप्पच बसला. त्याच्या आजोबांना पहिल्या महायुद्धात भरती नाकारली म्हणून बराच त्रास झाला होता, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

असो. मागच्या विकांताला पुण्यात ओटीजीत ही बिस्किटं करून बघितली. मैदा, लोणी, साखर, अंडं, मसाला मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, मग बोटाएवढ्या जाड वळ्या करून सुरीने तुकडे पाडायचे. ऍनीस मिळालं नाही म्हणून चक्रीफूल कुटून घातलं, वास जवळपास तोच. पहिला ट्रे करपला. दुसरा जमला. बाबांनी दोन-चार चहात बुडवून खाल्ली आणि विचारलं, "दिवाळीचे शंकरपाळे उरलेत का हे?"