थंडीची पहाट आणि न सुरू होणारी मोटार

रायगडच्या किनाऱ्यावर हिवाळा सौम्य. तरीही पौषातल्या पहाटे अलिबाग-मुरूडकडे जुन्या मोटारी रुसत. गारव्यात इंजिनातले तेल दाटते, पेट्रोलची वाफ कमी होते आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. पूर्वी हँडल मारून इंजिन फिरवीत. उलट झटक्याने मनगटे मोडत. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. मनगटे वाचली, भार बॅटरीवर आला.

कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीला चोकची खुंटी होती. ती ओढली की कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी, पेट्रोल अधिक. फार वेळ ओढून धरली तर प्लग ओले होत आणि गाडी अडूनच बसे! हे प्रमाण ड्रायव्हरच्या हातालाच ठाऊक. इंधन-इंजेक्शन आले, खुंटी गेली. खारा वारा मात्र बॅटरीच्या टोकांवर आजही गंज चढवतो, आणि तो लक्षात येतो थंडीतच.