हॉयचा म्हातारा आणि परतीचा दोर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या हॉय बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून एक सुळका समुद्रात उभा आहे. उंची सुमारे १३७ मीटर, म्हणजे ४५ मजली इमारतीएवढी. अंगाने तांबडा वालुकाश्म आणि पायथ्याशी काळ्या लाव्हाचा चौथरा. तो बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. फक्त आपल्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुना.

या सुळक्याला ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ म्हणतात, हॉयचा म्हातारा. पण म्हातारा वयाने तसा कोवळाच आहे. १७५० च्या सुमाराच्या नकाशात त्या जागी जमिनीचे टोक दिसते, सुळका दिसत नाही. पुढे विल्यम डॅनियल या चित्रकाराने ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती प्रवास करून चित्रे काढली. त्याच्या चित्रात म्हाताऱ्याला दोन पाय आहेत, मधे कमान. त्यातला एक पाय नंतर समुद्राने नेला. हा विल्यम आपल्याला अगदीच परका नाही. काका थॉमसबरोबर तो १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात हिंडला होता. काकांनी पुढे १८०५ मध्ये सवाई माधवरावांच्या पुणे दरबाराचे प्रसिद्ध चित्र रंगवले, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. तर सांगायचे असे, की १७३२ चा आपला शनिवारवाडा या म्हाताऱ्यापेक्षा वडील आहे!

या सुळक्यावर माणूस पहिल्यांदा चढला तो जुलै १९६६ मध्ये. तिघे होते: उल्लापूलचा डॉक्टर टॉम पेटी, ऱ्होडेशियाचा रस्टी बेली आणि ख्रिस बॉनिंग्टन. तीन दिवस लागले.

ही चढाई कुठल्या रीतीची, ते आधी सांगायला हवे. पहिला गडी कमरेला दोर बांधून वर जातो, दुसरा खालून तो दोर बेताबेताने सोडतो. पहिला वाटेत खडकाच्या फटीत काहीतरी अडकवतो आणि त्यातून दोर ओवतो. तो पडलाच, तर शेवटच्या अडकवणीच्या जेवढा वर होता तेवढाच तिच्याखाली जातो, वर दोराचा ताण वेगळा. मागून येणारा सगळे सोडवून बरोबर आणतो. अशा कड्यांवर भोके पाडून कायमचे बोल्ट ठोकायचे नाहीत, हा ब्रिटिश गिर्यारोहकांचा दंडक. आपल्याकडे अनेक सुळक्यांवर बोल्ट आहेत. मी त्याला नावे ठेवणार नाही. आपल्या कातळात भरवशाच्या फटी कमी. पण हॉयवर फट आहे, आणि सगळी गोष्ट त्या फटीचीच आहे.

वालुकाश्माचे मऊ थर झिजतात, कठीण थर वळचणीसारखे पुढे येतात. त्यामुळे सुळक्याच्या पूर्व अंगाला, पहिल्या टप्प्यानंतर, रुंद फट उभी वर जाते आणि तिच्यावर दगडाची छते आडवी येतात. गडी आधी थोडा खाली उतरतो, मग आडवा सरकत त्या फटीत शिरतो. एका अरुंद खोबणीला तर ‘शवपेटी’च म्हणतात. पायाखाली थेट खडक आणि समुद्र. उन्हाळ्यात फुल्मर पक्षी कपारीत घरटी करून असतात. जवळ गेलात की ते पोटातले घाणेरडे तेल तोंडावर थुंकतात. तो वास कपड्यांतून सहजी जात नाही.

ही फट पहिल्यांदा मुख्यतः बेलीने सर केली. त्याने मेखा ठोकल्या, लाकडी पाचरी मारल्या. त्या काळी रुंद फटीला दुसरा इलाज नव्हता. अरुंद फटींसाठी इंग्लंड-वेल्समध्ये वेगळी युक्ती निघाली होती. स्नोडन डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला पडलेले नट उचलायचे, आटे घासून टाकायचे, त्यातून दोरी ओवायची आणि फटीत अडकवायचे. १९६१ मध्ये शेफील्डच्या जॉन ब्रेल्सफर्डने खास चढाईसाठीच तसा तुकडा घडवला. रुंद फटीत स्वतः उघडून घट्ट बसणारी ‘फ्रेंड्स’ नावाची उपकरणे बाजारात आली ती १९७८ मध्ये. आता ती फट मेखांशिवाय, हातापायांच्या बळावर चढतात.

पण मला या वाटेत खरी मेख दिसते ती उतरण्यात. आपण आडवे सरकून छताखाली आलेलो असतो. वरून दोर सोडून उतरू लागलो, तर दोर सरळ खाली लोंबतो, खडक मात्र आत गेलेला. माणूस हवेत गरगरत राहतो आणि खालचा टप्पा बाजूला, हाताच्या आवाक्याबाहेर. म्हणून चढतानाच त्या टप्प्यापासून फटीच्या माथ्यापर्यंत एक दोर बांधून ठेवावा लागतो. परतताना तो धरून स्वतःला आत ओढून घ्यायचे. वर जाण्याआधी परत येण्याची तजवीज. विसरलात तर शिखर गाठूनही अडकलात.

पुढच्याच वर्षी, ८ व ९ जुलै १९६७ ला, बीबीसीने या सुळक्यावरून थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण केले. सहा गडी, तीन वाटा: बॉनिंग्टन आणि पेटी जुन्या वाटेने, मँचेस्टरचा जो ब्राउन आणि इयन मॅक्नॉट-डेव्हिस दक्षिण अंगाने, डूगल हॅस्टन आणि पीट क्रू आग्नेय धारेने. सुमारे दीड कोटी लोकांनी ते पाहिले असे सांगतात. काहींनी त्याला सर्कस म्हटले. मला ते पटत नाही. नव्या दोन्ही वाटा खऱ्या होत्या, आणि पडण्याचा धोकाही खरा होता. हॅस्टन आणि बॉनिंग्टन १९७४ मध्ये भारतीय गिर्यारोहकांबरोबर गढवालच्या चांगबांगवर होते. १९७५ मध्ये बॉनिंग्टनच्या मोहिमेतून हॅस्टन एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य कड्याने माथ्यावर पोहोचला.

पेटी मात्र हे पाहायला राहिला नाही. २५ मे १९७० रोजी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, व्हाइटन हेडजवळच्या ‘मेडन’ नावाच्या सुळक्यावरून दोराने उतरताना तो पडून मेला. चढाई झाली होती. उतरणे राहिले होते. वय ३८. समुद्री सुळक्यांचा त्याच्याइतका जाणकार त्या काळात क्वचितच असेल.

बॉनिंग्टन २०१४ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, पुन्हा म्हाताऱ्यावर चढला. पत्नी वेंडी त्याच जुलैमध्ये मोटर न्यूरॉन या चेतापेशींच्या आजाराने गेली होती, आणि त्या आजाराकडे लोकांचे लक्ष वेधावे हा हेतू होता. या वेळी दोराच्या पुढच्या टोकाला तरुण लिओ हाउल्डिंग होता.

२०१९ मध्ये जेसी डफ्टन हा अंध गिर्यारोहक त्याच पूर्वेच्या वाटेने पहिला गडी होऊन चढला. त्याला फार तर उजेड-अंधार कळतो. त्यामुळे त्या फटीची रुंदी तो हाताने चाचपतो, मुठीच्या मापाने उपकरण निवडतो आणि अडकवून झटका देऊन पाहतो. मागून येणारी त्याची जोडीदार प्रत्येक उपकरण काढून कमरेला लावत जाते.