पाच कंटूर खाली

नकाशाची शीट जमिनीवर पसरा. कापडावर डकवलेली, घड्यांवर विरलेली, एक इंचाला एक मैल. कळसूबाई 47 ई/10 वर आहे. पूर्वेची 47 ई/14 तिच्या काठाला जुळवून ठेवा. दोन्ही शीट भंडारदरा धरण भरायच्या आधीच्या मोजणीच्या आहेत असं धरा. मग धरणामागचं आर्थर लेक शोधू नका. तिथे नुसती प्रवरा आहे, रतनगडाकडून वळसे घेत येणारी.

साल 1910, वैशाख. घोटीला आगगाडी सोडून तुम्ही बारीवरून अकोले तालुक्यात उतरलात. उजव्या हाताला कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. शीटवरची तुटक रेघ म्हणजे पायवाट. ती डोळ्यांना जेवढी सरळ दिसते तेवढी पायांना लागत नाही. उतारावर राब भाजलेल्या काळ्या चौकटी आहेत, पाऊस पडला की इथेच भाताची, नागलीची रोपं टाकतील. ही महादेव कोळी आणि ठाकरांची वस्ती. धुराचा वास शीटवर नाही, पण ओढा आहे, काळ्या रेघेत. काळी रेघ म्हणजे पात्र कोरडं, आणि आत्ता ते खरंच कोरडं आहे.

आणखी पश्चिमेला चला. घाटघरला जमीन संपते. कड्याच्या टोकाशी कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, इतके दाटतात की तपकिरी शाईचा नुसता पट्टाच उमटतो. चोंढे घाटाची वाट त्यातूनच कोकणात उतरते. पावसाळ्यात आला असतात तर तुम्हाला समोरचा हातही दिसला नसता. घाटघरचा पाऊस म्हणजे पाऊसच. पूर्वेला शेवगाव-पाथर्डीचा माणूस ढगाची वाट बघत बसतो. जिल्हा मात्र एकच.

आता मागे वळा, शेंडी गावापाशी या. नदी इथे दोन डोंगरांत आवळली जाते. साहेबाच्या माणसांनी इथेच खुणा रोवल्यात. नदीच्या तळावर बोट ठेवा आणि कंटूर मोजत वर चढा. दोन रेघांत पन्नास फूट. धरण 270 फूट उंच होणार, म्हणजे पाच रेघा आणि वर थोडं. त्या उंचीची रेघ पकडून बोट न उचलता दरीभर फिरवा. प्रत्येक ओहळात आत, प्रत्येक सोंडेवरून बाहेर. बोट परत शेंडीला येतं तेव्हा तुम्ही तळ्याचा काठ काढलेला असतो, सोळा वर्षं आधीच. त्या काठाच्या आत किती खाचरं आहेत हे शीट सांगत नाही. ती कोणाची आहेत हे तर नाहीच. मोजणीदाराला त्याची गरज नव्हती. इंजिनिअरला दरी म्हणजे भांडं, आणि हा नकाशा त्याच्याच कामाचा. याच तालुक्यातलं देवगाव म्हणजे कागदावर चार ठिपके. तिथल्या बंडकरी राघोजी भांगऱ्याला इंग्रजांनी 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, ही नोंद कोणत्याच रंगाच्या शाईत बसत नाही.

बोटाखालची वर्षं पळवा. काळा दगड, चुना, माणसं. 10 डिसेंबर 1926 ला गव्हर्नर लेस्ली विल्सन येतात, धरणाचं उद्घाटन होतं, भिंतीला त्यांचंच नाव मिळतं. पायवाटा पाण्याखाली गेल्यात. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र काठावर सुटलंय. आज पर्यटक होडीतून त्या बाजूला जातात तेव्हा जुनी दरी त्यांच्या तळपायाखाली असते.

हे पाणी ज्यांच्यासाठी अडवलं ते या शीटवर नाहीतच. पाणी रंधा धबधब्यावरून खाली जातं, संगमनेर ओलांडतं, ओझरच्या बंधाऱ्यातून दोन कालव्यांत शिरतं आणि पुढे उसाला लागतं. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला तो याच पट्ट्यात. श्रीरामपूर बघायचं तर शीट मागवा 47 आय/10. आकडा तोच, अक्षर वेगळं. तिथे कंटूर शोधावे लागतात, आणि काळ्या रेघांच्या जागी निळे कालवे आहेत.