सीहॅमच्या किनाऱ्यावरील काच

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, नाणी आणि राजवाडे उभे राहतात. परंतु मनुष्याने जपून ठेवलेल्या वस्तूंइतकाच त्याने टाकून दिलेल्या वस्तूंतही इतिहास दडलेला असतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील सीहॅम या गावी ओहोटीच्या वेळी गारगोट्यांतून काचेचे गुळगुळीत खडे वेचणारे हौशी लोक दिसतात. ते वेचतात ते अशाच एका टाकून दिलेल्या इतिहासाचे कण होत.

दगडी कोळसा जहाजांवर चढविता यावा म्हणून लंडनडेरीच्या मार्क्विसने १८२८ साली येथे बंदर बांधण्यास आरंभ केला. काच करावयास वाळू, सोडा आणि चुना तर लागतोच, पण त्याहून अधिक लागते ती अखंड धगधगणारी भट्टी. आणि कोळशाच्या या मुलखात तिला इंधनाची वाण नव्हती. १८५३ मध्ये जॉन कँडलिश या उद्योजकाने येथे बाटल्यांचा कारखाना काढला. कारागीर लोखंडी नळीच्या टोकाशी वितळलेली काच घेऊन तोंडाने बाटल्या फुंकीत. दिवसाकाठी वीस हजारांपर्यंत बाटल्या येथे तयार होत, असे सांगतात. फुटक्या बाटल्या व भट्टीतील उरलीसुरली काच सरळ समुद्रात लोटली जाई. १९२१ साली कारखाना बंद पडला. समुद्राचे काम मात्र चालूच राहिले.

हे काम दुहेरी आहे. लाटा आणि वाळू काचेच्या धारा बोथट करतात, तर पाणी काचेतील सोडा हळूहळू काढून घेऊन तिच्या पृष्ठभागावर धुकट छटा आणते. असा खडा घडावयास कित्येक दशके लागतात. त्याचा रंगही बोलका असतो. हिरवा रंग बहुधा वाळूतील लोहाचा, गडद निळा कोबाल्टचा. काच रंगहीन व्हावी म्हणून पूर्वी मँगॅनीज घालीत. तीच काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते.

संग्राहक हे खडे काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवतात किंवा पांढऱ्या तबकात रंगवार मांडतात. मांडणी सुंदर दिसते, यात शंका नाही. परंतु कोणता खडा कोणत्या किनाऱ्यावर आणि केव्हा सापडला याची चिठ्ठी त्यासोबत नसेल, तर तो केवळ शोभेची वस्तू उरतो. त्याची साक्ष पुसली जाते.

याच छंदाची दुसरी बाजू अमेरिकेत पाहावयास मिळते. कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग या गावाचा कचरा १९०६ पासून १९६७ पर्यंत समुद्रकाठी टाकला जात असे. पुढे लाटांनी त्यातील काच घासून तिचे रत्नासारखे खडे केले. २००२ साली हा किनारा राज्याच्या उद्यानात समाविष्ट झाला आणि तेथील काच उचलण्यास मनाई आहे. शासकीय सेवेत आयुष्य घालविणाऱ्या मला यात मोठे नवल वाटते: जी वस्तू एका पिढीने कचरा म्हणून टाकली, तिच्याच रक्षणासाठी पुढच्या पिढीला नियम करावे लागले! तरीही पर्यटकांनी मुठी भरभरून नेल्यामुळे तेथील काच विरळ होत गेली.

श्रोतेहो, हा साठा पुन्हा भरून निघणारा नाही. भट्ट्या विझल्या, किनाऱ्यावर कचरा लोटण्यास बंदी आली आणि बाटलीची जागा बहुतांशी प्लॅस्टिकने घेतली. प्लॅस्टिक समुद्रात झिजले तर त्याचे रत्न होत नाही, त्याचा केवळ भुगा होतो. म्हणून या छंदात पडणाऱ्याने थोडे वेचावे, मनाई असेल तेथे नुसते पाहावे आणि घरी आणलेल्या प्रत्येक खड्याचे गाव व साल लिहून ठेवावे. ज्या कारागिरांनी ती काच फुंकली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. निदान त्यांच्या गावाचे नाव तरी त्या काचेसोबत राहावे.