सोरा, सुरुंग आणि जिभेखालची गोळी

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदलेले. आम्हांला त्या लुटीइतकेच कुतूहल सुवाळीला गलबतांवर चढणाऱ्या मालाचे वाटते. सतराव्या शतकात इंग्रज वखारवाले अहमदाबाद-आग्र्याकडचा सोरा येथून विलायतेस धाडीत. तो लागे बंदुकीच्या दारूसाठी. पुढे पाटण्याचा सोरा हुगळीमार्गे जाऊ लागला आणि सुरतेचा हा व्यापार मागे पडला.

सोरा म्हणजे नायट्रेट. त्याच घराण्यातले नायट्रोग्लिसरीन १८४७ साली इटलीच्या सोब्रेरोने सिद्ध केले. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये त्याचा डायनामाइट केला, तर लंडनच्या विल्यम मरेलने १८७९ मध्ये तेच द्रव्य अत्यल्प मात्रेत हृच्छूळावर दिले. खुद्द नोबेललाही उतारवयात डॉक्टरांनी तेच सुचवले! आमच्या ज्येष्ठांच्या खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी याच गोत्रातली.

गुण येई, कारण मात्र शंभर वर्षे उमगले नाही. १९७७ साली मुराद यांनी दाखवले की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी हाच वायू स्वतःही निर्माण करतात, हे पुढे फर्चगॉट आणि इग्नारो यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही डायनामाइटच्या पैशातून. हा वायू भित्तिकेतील स्नायुपेशीत शिरला की सीजीएमपी नावाचे द्रव्य वाढते, पेशीतील कॅल्शियम उतरते आणि स्नायू सैलावतो. विशेषतः शिरा रुंदावतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, त्याचा भार हलका होतो.

रक्तातील बिंबिकांतही सीजीएमपी वाढले की त्यांचे एकमेकींना चिकटणे कमी होते. परंतु गोळीचा हा परिणाम तोकडा. म्हणून बिंबिकांसाठी ॲस्पिरिन निराळी द्यावी लागते. ‘गोळीने ब्लॉकेज विरघळते’ हा आमच्या घरांतून ऐकू येणारा समज त्यामुळे घातक आहे. गोळीने कळ थांबली नाही, तर बसून वाट पाहण्यात हृदयाचा स्नायू मरत असतो.

डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांचे डोके सोमवारी ठणके आणि आठवडा सरता सरता राही. शरीर नायट्रेटला सरावे. रविवारच्या सुटीत तो सराव मोडे. रोज घ्यावयाच्या नायट्रेट गोळ्यांत डॉक्टर बहुधा रात्रीच्या काही तासांचा खंड ठेवतात, तो याचसाठी.