भाड्याच्या घराचा इतिहास आणि आपली पुंजी



भिवंडीसारख्या गांवांत जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाकडे लोक दोन प्रश्न घेऊन येतात. मुलाला कोणत्या शाळेंत घालावें, हा एक. आणि नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेल्या पैशांतून एखादें घर घेऊन तें भाड्यानें द्यावें काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास कितपत आहे, हा संशय मलाही आहे. परंतु इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. आणि या बाबतींत मुंबई-ठाण्याचा दीडशें वर्षांचा इतिहास जें शिकवितो, त्यांतील कांहीं भाग मी स्वतःचे पैसे मोजून शिकलों आहें.

प्रथम १८६५ सालाकडे वळूं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. आलेला पैसा कोठें ठेवावा हें न उमगून व्यापाऱ्यांनीं समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या काढिल्या. बॅक बे कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. जमीन मात्र अद्याप पाण्याखालींच होती! १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजीं वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां अनेक पेढ्या बसल्या. या उलाढालींत अग्रेसर असलेले प्रेमचंद रायचंदही त्यांतून सुटले नाहींत. बोध सरळ आहे. भाव चढत आहेत, हें घर घेण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आणि चढत्या भावाच्या भरंवशावर कर्ज काढणें तर त्याहून वाईट. न बांधलेल्या इमारतींतील घर ही एका अर्थानें पाण्याखालचीच जमीन होय.

दुसरा धडा चाळींचा. गिरण्या वाढल्या, कोंकणांतून व घाटावरून कामकरी आले, आणि पैसेवाल्यांनीं त्यांच्यासाठीं चाळी उठविल्या. भाडें महिन्याच्या महिन्यास येई, दुरुस्ती मात्र पुढील वर्षावर जाई. १८९६ च्या प्लेगनें या दाट वस्त्यांची दशा उघडी केली, आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापावा लागला. पहिल्या महायुद्धांत भाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं त्यांवर कायद्यानें बंधन आलें; आणि १९४७ च्या कायद्यानें तीं सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलीं. गरिबाचें छप्पर टिकलें, हें खरें. परंतु महागाई वाढत गेली, भाडें जागच्या जागीं राहिलें, मालकानें दुरुस्तीवरून हात काढून घेतला, आणि पागडीची प्रथा बोकाळली. अखेर १९६९ सालीं मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं सरकारास निराळा कायदा करावा लागला. म्हणजे भाडें केवळ मालकाच्या मर्जीवर चालत नाहीं, आणि दुरुस्ती टाळून वाचविलेला पैसा वाचलेला नसतो. १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याप्रमाणें भाड्याचा करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास शिक्षाही आहे.

आतां थोडें गणित. सवय जात नाहीं! समजा, घराची किंमत ३० लाख आणि भाडें महिना ८,०००. वर्षाचे झाले ९६,०००. दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना धरा, ८,००० गेले. देखभालवर्गणी व घरपट्टी १८,०००. दुरुस्तीसाठीं १०,००० बाजूस ठेवा. उरले ६०,०००, म्हणजे शेंकडा २. मुद्रांक व नोंदणीचा खर्च यांत धरलेला नाहीं. पैसा शेंकडा ९ नें कर्जाऊ आणला असेल, तर दरवर्षीं पदरचे घालावे लागतील. असें गणित कागदावर मांडल्यावांचून बयाणा देऊं नये, आणि निवृत्तीची सारी रक्कम एका घरांत कोंडूं नये.

तिसरा धडा मालकीच्या सदनिकांचा. मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं १९१५ सालीं सहकारी गृहसंस्था काढली. तेथें घरांचा कारभार सभासदांच्या हातीं होता. पुढें बिल्डरांनीं सदनिका विकण्याचा व्यापार वाढला, आणि त्यांतील लबाड्या इतक्या वाढल्या कीं १९६३ सालीं मालकी सदनिकांचा कायदा करावा लागला. तरीही पुष्कळ ठिकाणीं घर घेणाऱ्याचें आणि खालची जमीन दुसऱ्याचीच, अशी स्थिति राहिली.

माझेंच सांगतों. १९९० च्या सुमारास पतपेढीचें कर्ज काढून व घरांतील दागिने गहाण ठेवून मीं दोन खोल्यांची सदनिका घेतली. भाड्यांतून मुलीच्या शिक्षणाची तरतूद व्हावी, हा हेतु. मीं भाव विचारला, पाण्याची वेळ विचारली, भिंतींचा रंगही विचारला. भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हें मात्र विचारलें नाहीं. वरचा मजला परवानगीवांचून चढविलेला होता. संस्था नोंदलीच गेली नाहीं. सातबारा मूळ मालकाच्या नांवें राहिला. तीस वर्षांनीं इमारत धोकादायक ठरून रिकामी करावी लागली, तेव्हां माझ्याजवळ करारनामा होता, घर नव्हतें. परंतु मला अधिक लागली ती वेगळी गोष्ट. माझा भाडेकरू यंत्रमागावर काम करणारा. तो मुलांबाळांसह भांडीं घेऊन रस्त्यावर उभा होता. त्याची अनामत मीं परत केली. तो ‘‘मास्तर, तुम्हीं तर बघून घेतलं असेल ना?’’ एवढेंच म्हणाला. त्यास उत्तर मला आजही सुचलेलें नाहीं.

त्याच सुमारास, २१ सप्टेंबर २०२० रोजीं पहांटे, येथील धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत झोंपलेल्या माणसांवर कोसळली. ती १९८४ ची होती. जवळजवळ चाळीस जीव गेले. दुसऱ्यास राहावयास घर देणारा मनुष्य नुसता पैसा गुंतवीत नाहीं. एका कुटुंबाच्या रात्रीच्या झोंपेची हमी तो घेत असतो.

तेव्हां नवख्यानें काय करावें? नवें घर असेल, तर १ मे २०१७ पासून कामास लागलेल्या महारेराकडे त्या प्रकल्पाची नोंदणी पाहावी. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावांचून देऊं नये. क्षेत्रफळ चटई क्षेत्राचेंच मोजावें. जुनें घर असेल, तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व इमारतीच्या मजबुतीची तपासणी पाहावी, आणि मागील तीस वर्षांची मालकी वकिलाकडून तपासून घ्यावी. जमिनीचें अभिहस्तांतरण संस्थेच्या नांवें झालें आहे काय, हें अवश्य विचारावें. २००८ च्या दुरुस्तीमुळें बिल्डर टाळाटाळ करीत असल्यास संस्थेस मानीव अभिहस्तांतरण मागतां येतें. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गांवांत बांधकामाचें नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. तेथें ग्रामपंचायतीच्या चिठ्ठीवर विसंबूं नये. आणि घर आषाढाच्या भर पावसांत एकदां पाहावें: गळणारी भिंत व तुंबणारी गल्ली तेव्हां लपत नाहींत.

एवढें करून मनांत एकच प्रश्न विचारावा: या घरांत माझीं स्वतःचीं मुलें निजलीं असतीं, तर मला झोंप लागली असती काय? उत्तर होकारार्थी आलें, तरच सही करावी.